उत्तर आइसलँडच्या गारठलेल्या समुद्रात व्हेल, सील आणि पक्ष्यांची एवढी गर्दी का असते?

१२ ऑगस्ट २०२६ चं खग्रास सूर्यग्रहण आइसलँडच्या पश्चिम भागातून दिसणार आहे, त्यामुळे माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात सध्या आइसलँड आहे. ग्रहण झालं की गाडी घेऊन उत्तरेला जायचं, तिथे व्हेल बघायचे, सील बघायचे, पफिन हा रंगीत चोचीचा समुद्रपक्षी दिसला तर बघायचा, असा साधारण सगळ्यांचा प्लॅन. आणि मग एक प्रश्न हमखास येतो की अरे, एवढ्या थंडीत हे प्राणी खातात काय? समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यात दहा डिग्रीच्या आसपास, जमिनीवर धड झाडं नाहीत, आणि तिथेच जगातले सगळ्यात मोठे प्राणी गोळा होतात, हे कसं?

प्रश्न अगदी बरोबर आहे. टूरच्या ब्रोशरमध्ये शेपट्यांचे फोटो भरपूर असतात पण हे कुणी समजावून सांगत नाही, आणि एकदा हे कळलं ना की व्हेल, सील, पफिन या तीन वेगवेगळ्या गोष्टी राहतच नाहीत.

निळंशार पाणी म्हणजे उपाशी पाणी

लक्षद्वीप किंवा मालदीवचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, आपल्याला ते आवडतं, पण ते स्वच्छ दिसतं कारण त्यात फार काही नसतं. समुद्रातली सगळी खाद्यसाखळी प्लवकांवर उभी आहे. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, काही वनस्पतींसारखे उन्हावर वाढणारे आणि काही त्यांना खाणारे प्राणी. उन्हावर वाढणाऱ्या प्लवकांना दोन गोष्टी लागतात, ऊन आणि खत. ऊन वरून येतं, पण खत म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट वगैरे, हे सगळं तळाकडे जातं कारण जे मरतं ते खाली बुडतं.

वरणाचं पातेलं थोडा वेळ तसंच ठेवलं की डाळ खाली बसते आणि वर नुसतं पाणी राहतं, वरवर डाव फिरवून वाढलं तर ताटात पाणीच येणार. उष्ण समुद्रात बहुतेक ठिकाणी हेच चालू असतं. वरचं पाणी गरम, म्हणून हलकं, ते वरच राहतं, खालचं गार आणि जड पाणी खालीच राहतं, आणि वर्षभर दोघांची भेट होत नाही. उत्तरेकडे मात्र हिवाळा येऊन सगळं ढवळून काढतो. वादळी वारे आणि थंडी, वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली जातं, खालचं खतवालं पाणी वर येतं, शेकडो मीटर खोलीपर्यंत हा कारभार चालतो.

मग हिवाळ्यातच प्लवक का वाढत नाहीत? कारण ऊन नाही. डिसेंबरमध्ये उत्तर आइसलँडमध्ये सूर्य जेमतेम क्षितिजावर येतो, आणि प्लवक त्या ढवळण्यात सारखे खोल अंधारात ओढले जातात. एप्रिल-मे उजाडला की दिवस भराभर मोठा होतो, वरच्या पाण्याचा पातळ थर जरा तापून स्थिर होतो, प्लवक उजेडात टिकून राहतात आणि खत आधीच हजर असतं. मग जो काही स्फोट होतो, पाणी अक्षरशः हिरवं-मळकट होतं. जूनमध्ये तर रात्र अशी नसतेच, म्हणजे जवळजवळ चोवीस तास उजेड.

त्या हिरव्या पाण्यावर कॅलानस नावाचा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान कवचधारी जीव चरतो. तो हिवाळा समुद्राच्या खोल भागात जवळपास निपचित काढतो आणि वसंतात वर येतो, आणि त्याची खासियत म्हणजे त्याच्या शरीरात तेलाची एक पिशवीच असते, पुढच्या हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी. हे तेल सगळ्यात महत्त्वाचं आहे. कॅलानस आणि क्रिल (कोळंबीसारखे दिसणारे छोटे जीव) खाऊन कॅपेलिन आणि सँड ईल हे बोटाएवढे-वीतभर मासे लठ्ठ होतात, आणि त्या माशांवर, क्रिलवर व्हेल, सील, पफिन, कॉड सगळे तुटून पडतात. म्हणजे तुम्ही बोटीवरून जे बघता ती एका पंगतीची वरची रांग आहे.

हुसाविकच का?

हुसाविक हे उत्तर किनाऱ्यावरचं साधारण अडीच हजार वस्तीचं गाव, स्क्याल्फांदी नावाच्या उपसागरावर. पश्चिमेकडून वळसा घालून येणारा अटलांटिकचा कोमट प्रवाह आणि ग्रीनलँडकडून येणारं ध्रुवीय पाणी आइसलँडच्या उत्तरेला एकमेकांना भिडतात, आणि असं दोन प्रकारचं पाणी जिथे भिडतं तिथे अन्न गोळा होतं. शिवाय या उपसागरात दोन नद्या येतात, एक वात्नायोकुल हिमनदीतून निघालेली आणि दुसरी मीवात्न तलावातून. बाजूचा एयाफ्योर्दूर हा लांबच लांब फ्योर्डसुद्धा (म्हणजे डोंगरांमधून जमिनीत आत शिरलेली अरुंद खाडी) असाच भरलेला असतो, तिथेही आक्युरेरी आणि दाल्विकहून बोटी सुटतात.

गाव मासेमारीचं. १९९५ च्या सुमारास तिथे जुन्या ओकच्या लाकडी मच्छीमार बोटी दुरुस्त करून लोकांना व्हेल दाखवायला न्यायला सुरुवात झाली, १९९७ मध्ये व्हेल म्युझियम निघालं, ते आता एका जुन्या कत्तलखान्याच्या इमारतीत आहे. तिथे ब्लू व्हेलचा सुमारे २५ मीटरचा सांगाडा आहे, २०१० मध्ये किनाऱ्याला लागलेल्या व्हेलचा. बोटीवर जाण्याआधी हे म्युझियम बघा असं मी आग्रहाने सांगेन, कारण समुद्रावर तुम्हाला व्हेलचा दहावा भागही दिसत नाही, आणि पूर्ण आकार डोक्यात असला की पाण्यावरचा तो छोटासा काळा कणा बघून पोटात गोळा येतो.

मग व्हेल तिथेच कायम का राहत नाहीत?

इथे सगळ्यात जास्त दिसतो तो हंपबॅक जातीचा व्हेल, १२ ते १६ मीटर लांब, तीसेक टन वजन. हा उन्हाळाभर इथे खातो, दिवसाला एक टनाच्या आसपास, आणि हिवाळ्यात बरेचसे हंपबॅक कॅरिबियन समुद्राकडे किंवा केप व्हर्दे बेटांकडे जातात, तिथे वीण होते. आणि त्या गरम पाण्यात ते जवळपास काहीच खात नाहीत. कारण वर सांगितलंच, तिथलं पाणी उपाशी. पिल्लांना तिथली ऊब मिळते, पण आई उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर जगते आणि त्याच चरबीतून पिल्लाला दूध पाजते. म्हणून उत्तरेतल्या उन्हाळ्यात खाण्याचा प्रत्येक तास मोलाचा असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे बोटींबद्दल बोलताना लागणार आहे.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्या दारात आहे. अरबी समुद्रातले हंपबॅक असं स्थलांतर करत नाहीत, ते वर्षभर अरबी समुद्रातच राहतात. मान्सूनचे वारे ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी दूर ढकलतात, त्याची जागा घ्यायला खालचं गार, खतवालं पाणी वर येतं, याला अपवेलिंग म्हणतात. म्हणजे जे काम आइसलँडला हिवाळा करतो ते इथे आपला मान्सून करतो. या व्हेलना उन्हाळी घर आणि हिवाळी घर वेगळं लागतच नाही. दुःखाची गोष्ट ही की ओमानजवळ त्यांची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे, आणि आपल्याकडे फार थोड्या लोकांना ते आहेत हेच माहीत आहे.

बोटीवर नेमकं काय बघायचं

आधी पक्षी बघा. कुरव पक्ष्यांचा थवा एकाच जागी गोंधळ घालत पाण्यावर तुटून पडत असेल तर खाली मासा वर ढकलला जातोय, आणि ढकलणारा बहुतेक व्हेल असतो. मग फवारा. तो पाण्याचा फवारा नसतो, तो श्वास असतो, प्रचंड फुफ्फुसांतली गरम दमट हवा थंडीत बाहेर आली की ढग दिसतो. वारा तुमच्याकडे असेल तर त्याचा वास येतो, सुकटीच्या गोदामासारखा, आणि तो वास कपड्यांना बराच वेळ राहतो. गाईड "दोन वाजता!" असं ओरडला की वेळ सांगत नाहीये, बोटीचं नाक म्हणजे बारा धरून दिशा सांगतोय.

हंपबॅक तीन-चार वेळा श्वास घेतो, प्रत्येक वेळी थोडीशी पाठ, बारका कललेला पंख, आणि मग एकदा पाठ नेहमीपेक्षा जास्त गोल होते, तेव्हा कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा, कारण आता शेपटी येणार. शेपटीच्या खालच्या बाजूला काळ्या-पांढऱ्याचा जो पॅटर्न असतो तो प्रत्येकाचा वेगळा, त्यावरून संशोधक एकेका व्हेलला ओळखतात आणि आइसलँडला दिसलेला व्हेल हजारो किलोमीटरवर परत सापडला की कळतं. शेपटी बुडाल्यावरही नजर हलवू नका. शेपटीच्या फटक्याने पाण्यावर एक गुळगुळीत, तेलकट दिसणारा गोल उमटतो, आजूबाजूला लाटा असतात आणि तेवढ्याच गोलात पाणी सपाट, आणि तो बराच वेळ टिकतो. असे गोल एका रेषेत दिसले की व्हेल कुठल्या दिशेला निघालाय ते समजतं.

मिंकी व्हेल लहान, सात-आठ मीटर, शेपटी वर काढत नाही, पटकन दिसतो आणि गायब. पांढऱ्या चोचीचे डॉल्फिन बोटीबरोबर खेळतात. ब्लू व्हेल कधीकधी येतो, त्यातल्या त्यात जूनच्या आसपास, पण त्याच्या भरवशावर तिकीट काढू नका.

सील दगडावर नुसते लोळत का असतात?

हुसाविकहून पश्चिमेला गेलं की वात्न्सनेस नावाचं द्वीपकल्प आहे, तिथे सील बघायला लोक जातात, जवळच्या ह्वाम्स्तांगी गावात सीलवर काम करणारं केंद्र आणि छोटं म्युझियमही आहे. इथे मुख्यतः हार्बर सील, गोल डोकं, कुत्र्यासारखं छोटं नाक. थोडे ग्रे सीलही, त्यांचं नाक लांब आणि सरळ. ओहोटीला ते खडकांवर चढतात आणि पाणी वाढत आलं तरी उठायला तयार नसतात, डोकं आणि मागचे पाय वर उचलून धरतात, शरीराचा मधला भागच तेवढा दगडाला टेकलेला. अंगाला पाणी लागू नये म्हणून. पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा खूप वेगाने जाते, त्यामुळे दगडावर पडून राहणं हे त्यांचं कामच आहे, आराम, केस बदलणं, पिल्लाला दूध पाजणं सगळं तिथेच. तुम्ही मस्त फोटोसाठी दोन पावलं पुढे गेलात आणि तो पाण्यात सरकला, तर तुमचं काही गेलं नाही पण त्याची ऊब गेली, आणि पिल्लू असेल तर दूधही राहिलं.

आणि यांच्याकडे गमावायला फार काही उरलेलं नाही. १९८० मध्ये आइसलँडमध्ये सुमारे ३३,००० हार्बर सील होते, २०१६ च्या मोजणीत ७,७०० च्या आसपास राहिले, २०२० ला थोडे वाढून १०,३०० झाले. कारणं शिकार, नदीच्या तोंडाशी सॅल्मन वाचवायला म्हणून मारणं, आणि लंपफिश नावाच्या माशासाठी लावलेल्या जाळ्यात अडकणं. २०१९ पासून परवानगीशिवाय सील मारायला बंदी आहे, पण जाळ्यांचा प्रश्न उभाच आहे.

वात्न्सनेसवरच्या इलुगास्तादिर या जागी मे महिना आणि जूनचे पहिले तीनेक आठवडे प्रवेश बंद असतो, कारण तेव्हा तिथे आयडर बदकं अंडी घालतात. त्यांची घरट्यातली मऊ पिसं शेतकरी गोळा करतात, हा तिथला जुना व्यवसाय आहे. गेटवर बंदची पाटी दिसली की वाद घालू नका.

पफिन ऑगस्टमध्ये दिसेल का?

बहुतेक नाही, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चान्स चांगला, महिन्याच्या मध्यावर मात्र ते निघून जातात. एप्रिल-मे ते ऑगस्ट एवढाच त्यांचा जमिनीवरचा काळ, बाकी सगळं आयुष्य उघड्या समुद्रावर. जगातल्या पफिनांपैकी निम्म्याहून जास्त आइसलँडमध्ये वीण करतात. उत्तरेला स्क्याल्फांदीतलं लुंडे बेट आणि आर्क्टिक वृत्तावरचं ग्रिमसे या चांगल्या जागा.

जोडी जमिनीत बीळ करते, वर्षाला एकच अंडं. म्हणजे एक हंगाम वाया गेला की गेला. पफिन चोचीत दहाबारा सँड ईल आडवे ओळीने धरून आणतो, जीभ आणि टाळूवर काटे असतात त्यात मासे अडकवून तो पुढचा मासा पकडायला चोच उघडू शकतो. दक्षिणेकडच्या वेस्टमन बेटांवर २००५ च्या आसपास सँड ईल कोसळले आणि त्यानंतर बरीच वर्षं तिथे पिल्लं जगेनात, आईबाप लांब लांब जाऊन रिकाम्या चोचीने परत यायचे. उत्तरेच्या वसाहती तुलनेने बऱ्या राहिल्या. मला स्वतःला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते, कारण फोटोत पफिन नेहमी भरपूर दिसतात. प्रौढ पक्षी वीस-पंचवीस वर्षं जगतात, त्यामुळे पिल्लं होत नसली तरी कडा भरलेलाच दिसतो.

आर्क्टिक टर्न म्हणजे सुरय पक्ष्यांचा एक प्रकार, हा मात्र तुम्हाला शोधावा लागत नाही, तोच डोक्यावर येऊन टोचतो. घरट्याजवळ गेलात म्हणून. हात किंवा काठी डोक्यावर उंच धरा, तो सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतो, आणि मागे फिरा. ग्रीनलँड आणि आइसलँडच्या टर्नना लावलेल्या उपकरणांवरून कळलं की हे वर्षाला सुमारे ७०,००० किलोमीटर उडतात, अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत.

बोटींचा त्रास होत नाही का?

होतो, थोडा होतो, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. रेक्याविकजवळच्या फाक्साफ्लोई उपसागरात मिंकी व्हेलवर अभ्यास झाला, त्यात बोटी जवळ असताना त्यांचं खाणं कमी झालेलं दिसलं. नंतर त्याच संशोधकांनी हिशोब मांडला की एकेक व्हेल वर्षभरात बोटींजवळ फार कमी वेळ असतो, त्यामुळे एकूण संख्येवर मोठा परिणाम दिसत नाही. पण बोटी वाढत गेल्या तर हा हिशोब बदलणार. म्हणून बोट निवडताना बघा की ती जवळ गेल्यावर स्पीड कमी करते का, समोरून आडवी जात नाही ना, एका व्हेलभोवती गर्दी असेल तर मागे थांबते का. "अजून जवळ घ्या" असं कप्तानाला सांगू नका, आपल्याकडे कोकणात डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी इंजिन फुल सोडून कळपात घुसतात त्यालाही आपली हीच मागणी कारणीभूत आहे.

पण तिथे तर व्हेल मारतात ना?

हो. व्यापारी शिकारीवरची आंतरराष्ट्रीय बंदी १९८६ पासून आहे, आइसलँड १९९२ मध्ये ही बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगातून बाहेर पडला, २००२ मध्ये बंदी मान्य नाही अशी अट ठेवून परत आला आणि २००६ मध्ये व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. जून २०२३ मध्ये प्राण्यांना मरायला लागणारा वेळ आणि होणाऱ्या यातना बघून मंत्र्यांनी काही महिने शिकार थांबवली, तरी त्या वर्षी नंतर २४ फिन व्हेल मारले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये पाच वर्षांचा नवा परवाना दिला गेला, पण २०२५ च्या उन्हाळ्यात फिन व्हेलची शिकार करणारी कंपनी समुद्रात उतरली नाही. मांस मुख्यतः जपानला जायचं, देशात खाणारे कमी, आणि रेस्टॉरंटमध्ये "एकदा चाखून बघू" म्हणून मिंकी मागवणाऱ्यांत पर्यटकच बरेच असायचे. तुम्ही मागवू नका, एवढं सरळ सांगतो.

म्हणून तिथे जायचंच नाही का? माझं मत उलट आहे. हुसाविकसारख्या गावात जिवंत व्हेलवर घरं चालतात, आणि शिकारीला विरोध करणारे आवाज तिथूनच उठतात.

व्हेल एवढं खातात तर मच्छीमारांचं काय?

हा युक्तिवाद तिथेही होतो. पण व्हेल खोलवर खातो आणि वर येऊन हगतो. त्याच्या विष्ठेत लोह आणि नायट्रोजन भरपूर, म्हणजे तळाचं खत तो स्वतः वर आणून टाकतो, क्रिल खाल्लं असेल तर पाण्यावर लालसर ढग पसरलेला दिसतो. त्या खतावर परत प्लवक वाढतात. व्हेल पंगतीत जेवतो तसा वाढपीही आहे.

मच्छीमारांना आणि व्हेलना दोघांनाही खरी चिंता आहे ती समुद्र तापण्याची. कॅपेलिन थंड पाण्याचा मासा, साधारण २००० नंतर त्याचं उन्हाळ्यात चरण्याचं क्षेत्र ग्रीनलँडच्या बाजूला सरकलं. त्याच काळात आइसलँडच्या किनाऱ्यालगतचे मिंकी बरेच कमी झाले, ते मेले नाहीत, अन्नामागे दुसरीकडे गेले असं शास्त्रज्ञांना वाटतं. हंपबॅक मात्र शिकार थांबल्यावर वाढलेत. त्यामुळे "यंदा व्हेल भरपूर दिसले, म्हणजे सगळं ठीक आहे" असा अर्थ काढता येत नाही, एक प्रकार वाढतो तेव्हा दुसरा सरकलेला असू शकतो. आइसलँडचे शास्त्रज्ञ दर हिवाळ्यात जहाजांवरून ध्वनिलहरी सोडून कॅपेलिनचा साठा मोजतात, आणि तो पुरेसा भरला नाही तर मासेमारीला परवानगीच देत नाहीत. २०१९, २०२० आणि २०२४ मध्ये तसंच झालं, कोट्यवधींचं उत्पन्न बुडालं, तरी बोटी बंदरात राहिल्या आणि जो काही कॅपेलिन होता तो पाण्यात राहिला.